भिंती वाकल्या, त्यात रंगाच्या कंपनीचा दोष नाही

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीच्या एका गृहस्थांना न्यू जर्सीतल्या मावसभावाने मॉडेल रेल्वेच्या इमारतीचं, एचओ मापाचं (खऱ्याच्या १:८७) लाकडी क्राफ्ट्समन किट, म्हणजे सुट्या लाकडातून हाताने घडवायचं किट, आणून दिलं. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या एखाद्या लहान गावात रुळालगत असायचं तसं पशुखाद्याचं दुकान, मालडब्यातून पोती थेट धक्क्यावर उतरवायची सोय असलेलं. आजवर त्यांनी प्लॅस्टिकची किट्स केली होती, लाकडाचं हे पहिलंच. शनिवारी रात्री चारही भिंतींना पुढून अॅक्रिलिकचे दोन हात दिले आणि वाळत ठेवल्या. सकाळी बघतात तर भिंतींनी बाक धरलेला, दोन तर पापडासारख्या वळलेल्या. जी त्यातल्या त्यात सरळ राहिली ती ‘खेळण्यातली दिसते’. आता ते विचारतात, रंग कोणत्या कंपनीचा घ्यायला हवा होता?

कोणत्याही कंपनीचा घेतला असता तरी हेच झालं असतं. तुमची अडचण रंगाची नाही, पाण्याची आणि क्रमाची आहे. ‘खेळण्यातली दिसते’ ही तक्रार वेगळी, तिच्याकडे नंतर येते. मी आर्किटेक्ट लोकांना मॉडेल्स करून देते, त्यावर घर चालतं. रेल्वेच्या इमारती हा रात्रीचा नाद. दोन्हीकडे मिळून इतक्या भिंती वाकवून झाल्यात की आता त्या कुठल्या बाजूला वळणार हे आधीच सांगता येतं. ते तुम्हालाही सांगता येईल.

किटमधली भिंत बासवुडची असते, म्हणजे अमेरिकन लिंडनच्या झाडाची. जाडी साधारण १.६ मिलिमीटर. लाकूड पाणी प्यालं की तंतूंच्या रेषेच्या लांबीत जवळजवळ फुगत नाही, रेषेला आडवं मात्र चांगलंच फुगतं. तुमची भिंत एकावर एक चढवलेल्या आडव्या फळ्यांची, क्लॅपबोर्डची आहे, म्हणजे रेषा आडव्या. मग ती फुगणार उंचीत. तुम्ही पाणी फक्त पुढून दिलंत, त्यामुळे पुढची बाजू फुगली आणि मागची होती तशीच राहिली. भिंत आधी पुढच्या बाजूने पोटासारखी बाहेर आली असणार, पण तेव्हा तुम्ही झोपला होतात. फुगायला जागा न मिळालेले पुढचे तंतू दबले, वाळताना मूळच्यापेक्षा जास्त आकसले, वर रंगाच्या पापुद्र्यानेही ओढ दिली. सकाळी तुम्हाला दिसली ती उलट वळलेली भिंत, वरची आणि खालची कड रंगाकडे झुकलेली. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नेमकं तसंच आहे.

यातून आधाराची दिशा आपोआप ठरते. मागे चिकटवायच्या आधारपट्ट्या रेषेला आडव्या हव्यात. क्लॅपबोर्डच्या भिंतीला उभ्या पट्ट्या, उभ्या फळ्यांच्या भिंतीला आडव्या. लांब भिंत दिसली म्हणून लांबीतच एक पट्टी मारून मोकळं व्हायचं, ही चूक मी वर्षभर करत होते. ती पट्टी बिचारी ज्या दिशेला लाकूड वाकतच नाही तिथे पहारा देते.

तुमच्या वाकलेल्या भिंती वाचतील, टाकू नका. मागच्या बाजूला त्याच रंगाचा, तितकाच पातळ हात द्या. पुढे जी ओढ बसली तीच आता मागून बसू दे. हाताला लागेनासा झाला की दोन्हीकडे बेकिंगचा कागद घालून भिंत दोन सपाट फरश्यांमध्ये ठेवा आणि वर वजन. माझ्याकडे ओट्याच्या ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे आहेत, दगडवाल्याकडे असे तुकडे पडलेलेच असतात. पूर्ण दोन दिवस हात लावू नका. दुसऱ्या दिवशी रात्री डोकावून बघायचा मोह होतो, तेव्हा बघितलं तर सरळ दिसते आणि सकाळी पुन्हा वाकते. दोन दिवसांनी काढली की त्याच बैठकीत आधार चिकटवा. पट्ट्या ३ मिलिमीटर चौकोनी. फेविकॉल चालतो, पण तोही पाण्याचाच, म्हणून बोटाने पुसून अगदी पातळ लावा आणि रात्रभर पुन्हा वजनाखाली. कोपऱ्याची पट्टी भिंतीच्या टोकाला भिडवू नका. शेजारची भिंत येऊन टेकणार तिथे तिच्या जाडीइतकी, म्हणजे १.६ मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर जोडताना कोपरा बसणार नाही. खिडकीच्या भोकातून पट्टी डोकावत नाही ना, तेही पुढून बघा. हे सगळ्यांचं एकदा तरी होतं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचं किट जुन्या पद्धतीचं, कोरलेल्या बासवुडचं असेल तर वरचं सगळं लागू. लेझरने कापलेल्या प्लायचं असेल तर ते कमी वाकतं, कारण त्यात थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असतात. तिथे लेझरने जळलेल्या काळ्या कडा हा वेगळा वैताग. हवेचाही प्रश्न आहे. ज्या देशात ही किट्स निघाली तिथे न्यू इंग्लंडातला माणूस हिवाळ्यात, तापवलेल्या कोरड्या तळघरात बसून ती करतो. त्याच्या माहितीपत्रकात ‘तासाभरात वाळेल’ असं लिहिलेलं असतं. डोंबिवलीत आषाढात तासाभरात काही वाळत नाही, पापडसुद्धा नाही. पावसाळ्यात मी भिंती रंगवायच्या आदल्या दिवशी दिव्याखाली बंद कपाटात ठेवते आणि प्रत्येक वेळ दुप्पट धरते. दिवाळीनंतर केलंत तर निम्मी लढाई तिथेच संपते.

मूळ क्रमाकडे येऊ. प्लॅस्टिकची सवय असलेला माणूस आधी जोडतो आणि मग रंगवतो. क्राफ्ट्समन किटमध्ये हे उलटं. डब्यात घर नसतं, घराचं सामान असतं: कोरलेलं लाकूड, सुट्या पट्ट्या, छपराचा कागद, पांढऱ्या धातूचे ओतीव तुकडे आणि एक नकाशा. अमेरिकेत हा प्रकार आधीपासून होता, पण मॅसॅच्युसेट्सच्या जॉर्ज सेलिओसने १९६७ मध्ये फाइन स्केल मिनिएचर्स सुरू केल्यावर त्याचं एक घराणंच तयार झालं. या घराण्यात बहुतेक सगळं सुटं असतानाच रंगतं. माझा क्रम असा: भिंतीची मागची बाजू, मग आधार, मग पुढे लाकडाचा राखाडी, मग रंग, मग वेगळ्या रंगवलेल्या खिडक्या, मग चार भिंतींची जोडणी, मग छप्पर. धूळ आणि काजळी सगळ्यात शेवटी.

‘लाकडाचा राखाडी’ म्हणजे काय ते सांगते, कारण खेळण्यासारखं दिसण्याचं मूळ तिथे आहे. तुम्ही कोऱ्या, पिवळसर लाकडावर थेट रंग दिलात. खऱ्या जुन्या भिंतीत रंगाखाली पिवळं लाकूड नसतं. ऊन लाकडाच्या वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकत्र धरून ठेवणारं द्रव्य, तोडतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे चंदेरी राखाडी उरतं. तपकिरी नव्हे, राखाडी. आपल्याकडे कोकणातल्या जुन्या पडवीचा न रंगवलेला खांब आठवा. अमेरिकन मंडळी यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काळी शाई घालतात, अर्ध्या लिटरला एक ते दोन चहाचे चमचे. अल्कोहोल लवकर उडतं, लाकडात पाणी फार शिरत नाही. आपल्याकडे हे अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट पुसायला मिळतं. शाई मात्र आधी एखाद्या छोट्या बाटलीत घालून बघा. काही शायांचे अल्कोहोलमध्ये दाणे होतात, तशी असेल तर दुसरी घ्या. खिडकी उघडी ठेवा आणि शेजारी उदबत्ती नको, हे पेट घेतं. पहिला हात देऊन वाळू द्या. फिकट वाटलं तर दुसरा द्या, एकदम गडद करू नका. पुढून दिलं की मागूनही द्या, ही सवयच लावून घ्या.

रंग उडालेला कसा दाखवायचा यावर लोक वाद घालतात. कोणी मीठ लावतं, कोणी केसांचा स्प्रे, कोणी रबर सोल्युशन. मी चिकटपट्टी वापरते, कारण त्यात माझा हात कुठे चालला ते मला दिसतं. नीट सांगते. राखाडी भिंत पूर्ण वाळलेली. ब्रश चपटा, रंग घट्ट, पाणी नाही. ब्रश रंगात बुडवायचा आणि जुन्या बनियनच्या तुकड्यावर पुसायचा, इतका की उरला की नाही अशी शंका यावी. मग फळ्यांच्या दिशेने, आडवा, हलक्या हाताने ओढायचा. रंग फळीच्या कडेवर आणि उंचवट्यावर बसतो, खाचेत जात नाही. एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्या. मनात साठपर्यंत मोजा. बोट लावलं तर चिकटतं पण बोटाला रंग येत नाही, अशी वेळ आली की मास्किंग टेप आधी स्वतःच्या मनगटाला एकदा लावून तिचा चिकटपणा कमी करा, मग भिंतीवर दाबा आणि सावकाश, कोनात नव्हे तर जवळजवळ भिंतीला समांतर ओढत काढा. टेपला बारीक पापुद्रे लागून येतात आणि खालून राखाडी लाकूड दिसतं. टेपकडे बघा, भिंतीकडे नको. टेपवर फक्त ठिपके आले तर ठीक, सलग पट्टा आला तर घाई झाली. पहिले दोन प्रयत्न किटमधल्या वाया जाणाऱ्या चौकटीवर करा, ती त्याच लाकडाची असते.

पण कुठे उडवायचा? इथेच बहुतेकांचं घर बिघडतं. सगळ्या भिंतीवर सारखेच पोपडे काढले की ते गालिच्याच्या नक्षीसारखं दिसतं. मी कागदावर आधी बाण काढते, उत्तर दिशा कुठे ते. उत्तर गोलार्धात ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून दक्षिणेची भिंत सगळ्यात विटलेली आणि उत्तरेची त्यातल्या त्यात धडधाकट. वळचणीखाली दोन-तीन फळ्या रंग टिकून असतो, तिथे ना ऊन ना पाऊस. पागोळ्या जमिनीवर पडून शिंतोडे उडतात, म्हणून खालच्या चार-पाच फळ्यांचा रंग गेलेला आणि त्यावर मातीचा रंग चढलेला. धक्क्याच्या दारापाशी पोती घासून कोपरे उघडे पडलेले. दारावर हात पोचतो तेवढ्या उंचीला काळपट डाग. आपल्या घराच्या भिंतीकडे पावसाळ्यानंतर बघितलं तरी यातलं बरंचसं समजतं.

घर किती मोडकळीस आणायचं, हा आवडीचा प्रश्न. सेलिओसचा स्वतःचा मांडलेला देखावा, फ्रँकलिन अँड साउथ मँचेस्टर, १९३०च्या मंदीच्या काळातला आहे. तिथे पडझड शोभते, कारण रंगवायला पैसेच नव्हते. पण त्याची नक्कल करता करता लोक १९५५ सालच्या भरभराटीच्या गावातही प्रत्येक घर पडायला आलेलं करतात. पशुखाद्याचं चालतं दुकान असेल तर मालक दर्शनी भिंत तरी रंगवतोच. दर्शनी भिंत नीट ठेवा आणि मागची उडवा. माझ्या मते त्या इमारतीला तेवढ्याने माणूस राहत असल्याचा भास येतो.

रंगाच्या छटेबद्दल एकच सांगते. डबीतला शुद्ध रंग एचओच्या घरावर नेहमी गडद आणि भडक दिसतो. पांढऱ्यात थोडा मातकट टाका, काळ्याऐवजी गडद राखाडी वापरा, बाकी प्रत्येकात थोडा फिका राखाडी. कोठारांचा आणि मालडब्यांचा तो तांबडा हवा असेल तर त्यासाठी परदेशी बाटली कशाला? तो लोहाचा ऑक्साइड, म्हणजे आपला काव आणि गेरू. स्वस्त होता म्हणूनच तिथल्या शेतकऱ्यांनी आणि रेल्वेने वापरला. पूर्वी मंडळी फ्लोक्विल नावाचे रेल्वेचे खास रंग वापरायची, ते २०१३ मध्ये बंद झाले, तेव्हा अर्ध्या छंदाने सुतक पाळलं होतं. त्यानंतरही घरं रंगतायत. मी स्टेशनरीच्या दुकानातले साधे आर्टिस्ट अॅक्रिलिक वापरते.

फळ्यांवर खिळ्यांच्या खुणा म्हणून पाडायच्या छिद्रांबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. मापाचा हिशेब करा. एचओ म्हणजे १:८७, एक फूट म्हणजे ३.५ मिलिमीटर. कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वेतही हेच माप, सहा फुटी माणूस तिथे २१ मिलिमीटर. तुम्ही टाचणीने अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र पाडलंत तर ते खऱ्या भिंतीत जवळजवळ साडेचार सेंटिमीटरचं भोक झालं, उंदीर जाईल इतकं. शिवाय तुम्ही मॉडेल ६० सेंटिमीटरवरून बघता, म्हणजे खरी इमारत ५२ मीटरवरून. तिथून कोणाला खिळे दिसतात? तरीही मी छिद्रं पाडते, दर्शनी भिंतीवर, एखाद्या सुट्या झालेल्या फळीच्या टोकाला फक्त, आणि अगदी बारीक सुईने. नजरेला ती खोटी वाटत नाहीत, का ते विचारू नका. सगळ्या भिंतीभर शिंप्याचं दातेरी चाक फिरवलं तर मात्र भिंत फणसासारखी दिसते.

खिडक्या आणि धातूचे तुकडे लवकर आटपते. खिडक्या साच्याच्या चौकटीवर असतानाच रंगवा, मग कापा. काच लावताना फेविक्विक अजिबात नको, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. फेविकॉलचा ठिपका पुरतो. पांढऱ्या धातूच्या ओतीव पिंपांना, धुराड्यांना बारीक कानशीने कडा घासा, साबणाने धुवा, प्रायमर द्या. जुन्या ओतीव तुकड्यांत शिसं असू शकतं, म्हणून कानशी फिरवून झाली की चहाच्या आधी हात धुवा.

जोडताना गुण्या हवाच. डोळ्याला काटकोन वाटतो तो काटकोन नसतो, आणि पहिल्या कोपऱ्यातला अर्धा अंश चौथ्या कोपऱ्यात फट होऊन बाहेर पडतो. दोन दोन भिंतींचे एल आकार करा, वाळू द्या, मग ते दोन एकमेकांना जोडा. आत दिवा लावायचा विचार असेल तर आत्ताच आतून काळा रंग द्या, दोन्ही हात पातळ. पातळ लाकडातून उजेड झिरपतो आणि सगळं दुकान आकाशकंदील होतं.

छपराला किटमध्ये काळा कागद दिला असेल. डांबरी कागदाची गुंडाळी अमेरिकेत तीन फूट रुंद, म्हणून पट्टी साडेदहा मिलिमीटर. वळचणीपासून सुरू करून आढ्याकडे जा, कौलं चढवतो तसं, प्रत्येक वरची पट्टी खालच्या पट्टीवर मिलिमीटरभर. एखादी किंचित तिरकी गेली तर जाऊ द्या. काळा काळाच ठेवू नका, उन्हाने तो राखाडी होतो. पेस्टलच्या खडूची पूड करून सुक्या ब्रशने वरून खाली ओढली की काम होतं.

आणि माझी एक फजिती, कारण तुम्ही रंगाची चमक मारणाऱ्या मॅट स्प्रेबद्दलही विचारलंय. पहिल्या वर्षी जुलैमध्ये एक पाण्याची टाकी पूर्ण केली, वरून मॅट लॅकर मारला. पाऊस चालू, खिडकी उघडी. लॅकर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यात अडकते, त्यामुळे टाकीवर दव पडल्यासारखा पांढुरका थर आला. तो झाकायला मी वरून शाई-अल्कोहोलचा हात दिला. अल्कोहोल आणि तो लॅकर यांचं पटत नाही. दहा मिनिटांत अख्खी टाकी भस्म फासलेल्या गोसाव्यासारखी झाली. त्या रात्री मी ती फेकणार होते. पुढच्या कोरड्या दिवशी वरून पुन्हा लॅकरचा हलका फवारा मारला, तर बराचसा पांढरेपणा गेला आणि उरलेला टाकीच्या तळाशी चुन्याच्या पाण्याच्या ओघळासारखा दिसू लागला. लोकांना तोच भाग आवडतो. मी कोणाला खरं सांगत नाही. तुम्ही मात्र लॅकर कोरड्या दिवशी मारा, आणि त्यावर अल्कोहोल नेऊ नका.

तर आत्ता तुमच्यासाठी: वाकलेल्या दोन भिंती मागून रंगवून वजनाखाली घाला. ज्या भिंती कमी वाकल्यात त्यांना आज उभ्या पट्ट्या. पुढचा रंग खरवडायला जाऊ नका. तो नीट वाळला असेल तर त्यावर शाईचा हात पातळ देऊन खाचा काळवंडवा आणि बारीक सँडपेपरने वळचणीखालचा भाग सोडून कडा घासा. चिकटपट्टीइतकं छान नाही दिसणार, पण ६० सेंटिमीटरवरून चालेल. आणि भिंती उलगडल्या की फोटो पाठवा, त्यात तुमच्या मांडणीत उत्तर कुठे आहे ते बाणाने दाखवा. तुमचा धक्का नेमका कुठल्या भिंतीला आहे ते कळल्याशिवाय पोपड्यांबद्दल पुढे काही सांगता येत नाही.